जेट्टी नाही म्हणून मासळी उतरत नाही: किनारपट्टीचा निधी ठरविणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
किनारपट्टीवरील मासेमारी जेट्टी व मासळी उतरविण्याच्या केंद्रांना निधी मंजूर करणारे सर्व अधिकारी, किनारी जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांचे सदस्य आणि किनारी मतदारसंघांचे लोकप्रतिनिधी यांस,

सविनय नमस्कार.

उत्तर कोकणच्या किनाऱ्यालगतच्या एका लहान बेटावरील मच्छीमार सहकारी संस्थेची सचिव या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. बेटावर मासेमारी जेट्टी बांधून मिळावी म्हणून आमची संस्था आणि ग्रामपंचायत यांनी मिळून दिलेला प्रस्ताव यंदा पुन्हा परत आला. सोबतच्या पत्रात कारण एका वाक्याचे आहे: प्रस्तावित जागी उतरणाऱ्या मासळीचे प्रमाण अत्यल्प असल्याने एवढा खर्च समर्थनीय ठरत नाही. या वाक्याला उत्तर न देता प्रस्ताव फाइलला लावून ठेवणे मला मान्य नाही. संस्थेचे दप्तर मी सांभाळते, बोटींच्या आणि डिझेलच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत, आणि त्या नोंदी त्या वाक्याच्या नेमक्या उलट सांगतात. म्हणून माझे उत्तर एखाद्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत पडून राहू नये, ते सर्वांच्या वाचनात यावे, अशी इच्छा आहे.

बेटाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आमच्या बेटाला अपवाद म्हणून जेट्टी द्या, एवढ्यापुरते हे पत्र नाही. ज्या मापाने आमचा प्रस्ताव नाकारला गेला, त्या मापाने किनाऱ्यालगतचे कोणतेही लहान बेट नाकारले जाईल. ते माप चुकीचे आहे आणि ते बदलले पाहिजे, हे माझे म्हणणे आहे.

आमच्या बेटावर मासळी फारशी उतरत नाही, हे खरे आहे. पण ती का उतरत नाही, हे कोणी विचारलेले नाही. आमच्या बोटी समुद्रातून परतताना बेटाला वळसा घालून थेट किनाऱ्यावरच्या बंदरात जातात, कारण बेटावर ओहोटीला बोट लावायला जागा नाही, बर्फ ठेवायला सोय नाही आणि मासळी उतरवून पुन्हा दुसऱ्या होडीने पलीकडे न्यायची तर त्यात जाणारा वेळ मालाला परवडत नाही. प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यात मिळणारा बोंबील तर इतका पाणीदार की थोडा उशीर झाला तरी त्याचा भाव उतरतो आणि आणखी उशीर झाला तर तो वाळवण्यापलीकडे कशाच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून बोट आमची, जाळे आमचे, तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशी आमचे, आणि मासळीची नोंद मात्र पलीकडच्या बंदराच्या नावावर. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था काय किंवा राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग काय, मासळी जिथे उतरते तिथेच तिची मोजणी होते. समुद्रातून एकूण किती मासळी निघाली याचा अंदाज बांधण्यासाठी ती पद्धत योग्यच आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या आकड्याच्या दुसऱ्या वापराबद्दल. जेट्टी कुठे हवी हे ठरवायला जेव्हा तोच आकडा वापरला जातो, तेव्हा जेट्टी नाही म्हणून मासळी उतरत नाही, आणि मासळी उतरत नाही म्हणून जेट्टी मिळत नाही, या फेऱ्यातून बेट कधीच बाहेर पडू शकत नाही. ज्या गावाला आधीच बंदर आहे त्याचा आकडा मोठा दिसतो आणि त्यात आमचीही मासळी असते.

दुसरे माप उपलब्ध नाही, असेही नाही. प्रत्येक बोटीची नोंदणी आणि मासेमारी परवाना शासनाकडे आहे; बोट कोणत्या गावची, मालक कोण, इंजिन किती ताकदीचे, हे सर्व त्यात आहे. सवलतीच्या डिझेलचा कोटा संस्थेमार्फत मंजूर होतो, त्यामुळे कोणत्या संस्थेच्या बोटी किती वेळ समुद्रात असतात याचाही अंदाज शासनाला आहे. शिवाय 2005, 2010 आणि 2016 या वर्षी झालेल्या सागरी मत्स्यगणनेत मच्छीमार गावे एकेक करून मोजली गेली आहेत: किती कुटुंबे, किती माणसे प्रत्यक्ष समुद्रावर जातात, किती स्त्रिया मासळी विक्रीत किंवा सुकवण्यात आहेत. म्हणजे माणसे आणि बोटी जिथे राहतात तिथली मोजणी शासनाने स्वतःच करून ठेवलेली आहे. प्रस्ताव तपासताना ती कपाटातून बाहेर का निघत नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे.

जेट्टीशिवाय बेटावर उतरणे म्हणजे काय, हे ज्यांनी भरतीच्या वेळीच बेट पाहिले आहे त्यांना कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक वर-खाली होते. बेटाला एक जुना दगडी धक्का आहे. त्याच्या पायऱ्या जिथे संपतात तिथे अर्ध्या भरतीपर्यंतच पाणी असते. ओहोटीला त्या शेवटच्या पायरीपुढे नुसता चिखल उरतो आणि पाणी त्याच्याही पलीकडे, दूर. पुढे कधीतरी या धक्क्याला काँक्रीटचा एक तुकडा जोडला गेला. त्याची खालची बाजू आता पोपड्यांसारखी सुटली आहे, आतल्या सळया उघड्या पडून गंजाने फुगल्या आहेत, आणि होडीचा दोर त्या सळयांवर घासून तुटू नये म्हणून पोरांनी त्यांच्याभोवती जुन्या जाळ्याच्या चिंध्या गुंडाळल्या आहेत. ओहोटीला आलेली बोट लांबवर नांगर टाकते. तिथून छोट्या होडीने जमेल तितके आत यायचे आणि पुढे गुडघाभर चिखलातून चालायचे. त्या चिखलात खडकांना धरलेली कालवे (शिंपले) असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या लागतात. बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या पायावर त्यांचे वण आहेत, माझ्या आईच्या पायांवर आहेत आणि माझ्याही आहेत. डिझेलचे कॅन याच वाटेने येतात, बर्फाच्या पेट्या याच वाटेने येतात आणि इंजिन दुरुस्तीला न्यायचे झाले तर ते वाशाला बांधून चार माणसे याच वाटेने नेतात.

माणसेही याच वाटेने जातात. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या आजी अंगणात पडल्या आणि त्यांचे मांडीचे हाड मोडले. नेमकी ओहोटी होती. भरतीची वाट पाहायची तर रात्र झाली असती. प्लॅस्टिकच्या खुर्चीला जाळ्याच्या दोरीने त्यांना बांधून चौघांनी ती खुर्ची उचलली. पाय रुतला की खुर्ची एका बाजूला कलायची आणि आजी ओरडायच्या. होडीपर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बोटीने पलीकडचा किनारा गाठता आला असता. हा प्रसंग मी सहानुभूती मिळावी म्हणून सांगत नाही. प्रस्तावाच्या लाभ-खर्चाच्या तक्त्यात उतरणाऱ्या मासळीसाठी रकाना आहे, या वाटेने जाणाऱ्या रुग्णासाठी, पोषण आहाराच्या पोत्यासाठी, बारावीच्या परीक्षेला पलीकडे जाणाऱ्या मुलीसाठी रकानाच नाही, हे दाखवण्यासाठी सांगत आहे.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे फक्त भरतीला चालणारा धक्का हा आज पहाटे उपयोगी, तर आठवड्याने दुपारी. लिलाव, शाळा, दवाखाना आणि बँक यांपैकी कशाचीही वेळ अशी सरकत नाही. ओहोटीच्या खालच्या पातळीलाही बोट लागेल इतकी लांब आणि इतक्या खोल पाण्यापर्यंत पोहोचणारी जेट्टी आम्ही का मागतो, याचे कारण एवढेच आहे. खर्च कमी करण्यासाठी लांबी कमी केलेली जेट्टी आम्हाला नको, कारण ती आजच्या धक्क्याचीच नवी प्रत ठरेल.

आता पैशाच्या नियमांकडे येते.

जमिनीवरच्या गावाला रस्ता देताना शासन काय मोजते? 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सपाट प्रदेशात 500 आणि डोंगरी, आदिवासी किंवा वाळवंटी भागात 250 लोकसंख्येची वस्ती जोडण्याचा निकष ठेवला गेला. त्या रस्त्यावरून किती क्विंटल माल जाईल, हा पहिला प्रश्न नव्हता. तिथे माणसे राहतात आणि त्यांना बारमाही वाट हवी, हे पुरेसे मानले गेले. दुर्गम भागासाठी संख्या निम्म्यावर आणली गेली, कारण दुर्गम गावाला रस्ता महाग पडतो आणि त्याची गरजही जास्त असते, हे धोरण आखणाऱ्यांना पटले होते. बेटाची बारमाही वाट म्हणजे जेट्टी. तिला मात्र बंदराचा निकष लावला जातो आणि बंदराने उलाढाल दाखवावी अशी अपेक्षा असते. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याचे आम्ही मनापासून स्वागत केले. शेतकऱ्याला बांधापर्यंत पाणंद रस्ता देताना त्याच्या शेतातला माल आधी मोजून मागत नाहीत. मग तोच न्याय आमच्या धक्क्याला का नाही?

योजना नाहीत असे म्हणता येणार नाही. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत एकूण 20,050 कोटी रुपयांची गुंतवणूक धरली होती आणि मासेमारी बंदरे व मासळी उतरविण्याची केंद्रे तिच्या कक्षेत होती. त्याआधी 2018-19 मध्ये मत्स्यपालन व जलजीवपालन पायाभूत सुविधा विकास निधी 7,522.48 कोटी रुपयांचा म्हणून उभा राहिला. पण हा दुसरा निधी मुळात कर्जाचा आहे. त्यात व्याजावर सवलत मिळते, मुद्दल फेडावेच लागते, आणि फेडायचे तर जेट्टीने उत्पन्न दिले पाहिजे. मोठ्या बंदराला लिलावगृह, बर्फ कारखाना, गाळ्यांचे भाडे यांतून ते मिळते. लहान बेटाच्या जेट्टीवर कोणते भाडे लावणार? पहिल्या योजनेत आपल्यासारख्या किनारी राज्यांसाठी केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के, तर केंद्रशासित प्रदेशांत पूर्ण भार केंद्राचा. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या बेटांना त्यामुळे पूर्ण साहाय्य मिळू शकते, आणि ते मिळालेच पाहिजे. पण राज्याच्या किनाऱ्यालगतचे बेट हेसुद्धा बेटच आहे. सामान, सिमेंट, मजूर, यंत्रे सगळे बार्जने आणावे लागते, म्हणून तेच काम किनाऱ्यापेक्षा इथे महाग पडते, आणि तरीही निधीच्या हिशेबात आमची गणना किनाऱ्यावरच्या गावात होते. ओझे बेटाचे, सवलत किनाऱ्याची, अशी आमची स्थिती आहे. राज्याला आपला 40 टक्के वाटा घालायचा असतो तेव्हा तो अर्थातच मोठ्या आकड्याच्या बंदराकडे जातो. मुंबईचे ससून डॉक किंवा रत्नागिरीचे मिरकरवाडा यांना पैसा देऊ नये असे मी म्हणत नाही. आमचे लोकही मोठ्या बंदरांवर अवलंबून आहेत आणि तिथली गर्दी, अस्वच्छता, गाळ यांचा त्रास आम्हालाही होतो. त्यांच्याशी आमची स्पर्धा लावू नका, एवढेच म्हणते. पहिली-दुसरीतल्या मुलाला दहावीच्या मुलांबरोबर धावायला लावून तो मागे पडला म्हणून नापास करावे, तसे हे होते.

वेळेचा प्रश्न तर असा आहे की त्यावर एक रुपयाही जास्त न खर्चता उपाय करता येईल. समुद्रातले बांधकाम ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंतच करता येते. त्यानंतर वारा आणि लाटा बार्ज उभी राहू देत नाहीत, आणि 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस तर यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. शासनाचे आर्थिक वर्ष मात्र 31 मार्चला संपते. प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश, अशी वाट चालत काम सुरू होण्याच्या बेताला येईपर्यंत मार्च उजाडला, की निधी परत जातो किंवा तो वाचवण्यासाठी दुसऱ्या कामाकडे वळवला जातो. एप्रिलमध्ये नव्याने मंजुरी मिळालीच तर हाती एक-दीड महिना उरतो. समुद्राचा हंगाम आणि हिशेबाचे वर्ष यांचा मेळ नाही, हे कोणाच्याही दुष्टाव्याने घडलेले नाही. पण ते माहीत असूनही दरवर्षी तेच वेळापत्रक चालू ठेवणे, याला दुर्लक्ष याखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही.

पर्यावरणाच्या परवानग्यांचे कारण आम्हाला अनेकदा सांगितले जाते. त्याबाबत मच्छीमारांची भूमिका स्पष्ट असावी म्हणून लिहिते. बेटाच्या एका अंगाला तिवरांचे दाट बन आहे. कोळंबीची, खेकड्यांची आणि कितीतरी माशांची पिल्ले त्यात वाढतात. ते तोडून जेट्टी बांधा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीवर घातलेले निर्बंध आम्हाला आमच्या हिताचे वाटतात. आम्ही सुचवलेली जागा तिवरांपासून दूर, खडकाळ बाजूला आहे. जेट्टी आणि मासेमारी बंदर यांना किनारा नियमन क्षेत्राची 2019 ची अधिसूचना मुळीच मनाई करत नाही. रीतसर परवानगी घ्यायला सांगते. ती परवानगी मागण्याचे काम मच्छीमार संस्थेचे नाही, तिच्याकडे त्यासाठी ना अभियंता आहे ना पैसा. अर्जच दाखल न करता परवानगीचे कारण पुढे करणे योग्य नाही.

बांधणीबद्दलही आमचा आग्रह आहे. दगड-मातीचा भराव टाकून समुद्रात बांध घालू नका. भरावाने प्रवाह अडतो, एका बाजूला गाळ साचतो आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खचतो. काही वर्षांत जेट्टी असते पण तिच्याजवळ पाणी नसते. खांबांवर उभी असलेली, खालून भरती-ओहोटीचे पाणी मोकळे वाहू देणारी जेट्टी सुरुवातीला महाग दिसेल, पण दरवर्षी गाळ काढण्याचा खर्च त्यातून वाचेल. प्रवासी लाँचसाठी जी उंच फलाटाची जेट्टी बांधतात ती आमच्या बोटींना चालत नाही. लहान बोटीची कड ओहोटीला त्या फलाटाच्या कितीतरी खाली राहते आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई वर चढू शकत नाही. पाण्याच्या प्रत्येक पातळीला उतरता येईल अशा रुंद, न घसरणाऱ्या पायऱ्या, बोट वर ओढायला उतार, बर्फासाठी झाकलेली जागा आणि रात्री एक दिवा: आमच्या गरजा इतक्या साध्या आहेत. आराखडा काढणाऱ्याने एकदा आमच्या स्त्रियांशी बोलले तर यातली एकही गोष्ट सुटणार नाही.

उताराचा आग्रह का, हेही सांगते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्यासमोरून गेले. जेट्टी म्हणजे लाटरोधक बांध नव्हे, ती वादळ अडवील असा दावा मी करणार नाही. पण इशारा आला की किनाऱ्यावरच्या गावातले लोक बोटी वर ओढून घरी बसतात आणि आमच्याकडच्या पुरुषांना बोटी घेऊन पलीकडच्या खाडीत आसरा शोधावा लागतो. ऐन वादळात बेटावर म्हातारी माणसे, बायका आणि मुले असतात, आणि ज्यांनी घरावरचे पत्रे बांधायचे ते हात खाडीच्या पलीकडे.

एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला, त्यापेक्षा लोकांनीच किनाऱ्यावर यावे, असेही काही जण म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण आकड्यांच्या भाषेत तेच म्हटले जाते. लोक जात आहेतच. शिकलेली मुले परत येत नाहीत, आणि आलेल्या सुना चिखलातली ये-जा पाहून किनाऱ्यावर खोली घेण्याचा हट्ट धरतात. त्यांना मी दोष देत नाही. पण बेट रिकामे झाले तर तिथला समुद्रही रिकामा होतो: त्या पाण्याची खोली, खडक, जाळ्याच्या जागा आणि कोणती बोट ओळखीची व कोणती अनोळखी हे जाणणारी माणसे तिथे उरत नाहीत. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर मच्छीमार हे सागरी सुरक्षेचे डोळे आणि कान आहेत, असे आम्हाला वारंवार सांगितले गेले, आमची ओळखपत्रे तयार झाली, आणि आम्ही ती जबाबदारी आनंदाने घेतली. ज्यांच्याकडून राष्ट्राने एवढी अपेक्षा ठेवली त्यांना घरी उतरायला पायरी द्यावी, ही अपेक्षा जास्त नाही. आणि लहान बेटासाठी मोठा खर्च करता येतो, हे शासनाने दाखवूनही दिले आहे. 2018 साली समुद्राखालून केबल टाकून मुंबईजवळच्या घारापुरी बेटाला वीज पोहोचवली गेली. तो निर्णय तिथून जमा होणाऱ्या वीजबिलांवर बेतला असता, तर ती केबल कधीच पडली नसती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 साली लघु मत्स्यव्यवसायाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांतही लहान मच्छीमारांना साजेशा पायाभूत सुविधा आणि मासळीच्या हाताळणीतील स्त्रियांचे स्थान यांवर भर आहे. म्हणजे आम्ही जगावेगळे काही मागत नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

बेटांवरील जेट्टींचे प्रस्ताव तपासताना उतरणाऱ्या मासळीचा निकष एकटा वापरू नये. त्या गावच्या नोंदणीकृत बोटी, परवाने, मत्स्यगणनेतील कुटुंबे आणि बेटाची एकूण लोकसंख्या यांना किमान तेवढेच वजन द्यावे, आणि बेटावरच्या बोटींनी इतर बंदरात उतरवलेली मासळी त्या बेटाच्या खात्यावर धरावी. ही आमची मुख्य मागणी आहे. ही मान्य झाली तर बाकीच्या बऱ्याचशा आपोआप सुटतील.

राज्याच्या किनाऱ्यालगतच्या वस्ती असलेल्या बेटांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. त्यातला निधी 31 मार्चला परत न जाता काम पूर्ण होईपर्यंत उपलब्ध राहील अशी तरतूद असावी, आणि मान्यतांचे वेळापत्रक असे आखावे की कार्यादेश सप्टेंबरअखेर निघेल. केंद्राच्या योजनांत अशा बेटांना केंद्रशासित प्रदेशांतील बेटांप्रमाणे साहाय्य मिळावे यासाठी राज्याने लेखी प्रस्ताव पाठवावा आणि त्याची प्रत प्रसिद्ध करावी.

किनारा नियमन क्षेत्राची परवानगी आणि लागल्यास कांदळवनाबाबतची न्यायालयीन परवानगी मागण्याची जबाबदारी विभागाने स्वतःकडे घ्यावी.

बांधकामाच्या मंजुरीबरोबरच देखभालीची तरतूदही मंजूर व्हावी. खाऱ्या हवेत आणि लाटांच्या माऱ्यात काँक्रीटमधल्या सळया किती लवकर गंजतात, ते आमच्या जुन्या धक्क्यावर दिसते. वर्षातून एकदा तपासणी आणि वेळेवर दुरुस्ती यांचा खर्च नव्या बांधकामापुढे किरकोळ आहे, पण त्यासाठी आज कोणाच्याच खात्यात पैसा नाही. दैनंदिन देखरेखीचे काम आमची संस्था विनामूल्य करील, असे लेखी देण्यास आम्ही तयार आहोत.

गेल्या दहा वर्षांत जेट्टींसाठी आलेले प्रस्ताव, त्यांपैकी मंजूर व नामंजूर कोणते, प्रत्येकाचे कारण आणि वापरलेले निकष यांची जिल्हावार यादी प्रसिद्ध करावी. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने ही माहिती आपणहून प्रसिद्ध करणे अपेक्षितच आहे. त्यासाठी एकेका बेटाला अर्ज करत बसावे लागू नये.

शेवटची मागणी आमच्या प्रस्तावापुरती आहे. तो नामंजूर करण्यापूर्वी प्रत्यक्ष जागेची पाहणी झाली होती का, झाली असल्यास कोणत्या तारखेला आणि भरतीच्या वेळी की ओहोटीच्या, हे आम्हाला लेखी कळवावे. पाहणी झाली नसेल किंवा भरतीच्या वेळी झाली असेल तर ती पुन्हा करावी, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी पूर्ण लागलेली असताना. पाहणीच्या वेळी ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांचे प्रतिनिधी उपस्थित असावेत आणि तिचा अहवाल जागेवरच वाचून दाखवावा. संस्थेचे सर्व दप्तर, बोटींची यादी आणि डिझेलच्या नोंदी त्या दिवशी तपासणीसाठी खुल्या असतील. जिल्हा वार्षिक योजनेचा पुढचा आराखडा तयार होण्याआधी हे व्हावे, म्हणून तारीख किमान आठ दिवस आधी कळवावी. पलीकडच्या धक्क्यावरून आपणा सर्वांना आणण्यासाठी संस्थेची बोट येईल.

आपली नम्र,
सचिव,
मच्छीमार सहकारी संस्था
(बेटावरील सर्व सभासदांच्या वतीने)